भ्रूणातल्या मूलपेशी, सरकारी पैसा आणि धर्माचा आक्षेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका वंध्यत्व केंद्राच्या प्रयोगशाळेत मी भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. भ्रूण गोठवायला आलेली जोडपी, कॉलेजातली मुलं, धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात बोलून झाल्यावर मागे थांबलेली माणसं, या सगळ्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या बातमीने होते आणि गाडी स्वतःच्या गोठवलेल्या भ्रूणांवर येते. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

हा वाद नक्की कशावरून आहे?

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो त्या, वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. या पेशींपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकते. मेंदूतली, हृदयाची, स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी. पार्किन्सन्स झालेल्यांना, लहानपणापासून डायबेटिस असलेल्यांना, मणक्याला मार लागून व्हीलचेअरवर बसलेल्यांना आशा वाटली आणि ती खोटी नव्हती. पण या पेशी मिळवायच्या तर भ्रूण मोडावा लागतो. माणसाचा जीव पहिल्या क्षणापासून असतो असं जे मानतात त्यांच्या लेखी ही हत्या आहे, आणि ती आपण भरलेल्या करातून व्हावी हे त्यांना मुळीच मान्य नाही.

पाच दिवसांचा भ्रूण दिसतो तरी कसा?

बीजांडात शुक्राणू शिरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली दोन गोल केंद्रकं शेजारी-शेजारी दिसतात. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी. पाचव्या दिवशी जो तयार होतो त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मध्ये द्रवाने भरलेली पोकळी, भोवती पेशींचा एकेरी थर आणि आतल्या बाजूला एका जागी चिकटलेला पेशींचा घट्ट पुंजका. सगळ्या मिळून शंभर-दोनशे पेशी, आकार टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते, पुंजक्यापासून बाळ. मूलपेशी घेतात त्या या पुंजक्यातल्या.

या टप्प्यावर मेंदू नसतो, मज्जातंतू नसतात, वेदना जाणवेल असं काहीही नसतं. तरीही तो निर्जीव दिसत नाही. पाहता पाहता आकसतो, थोड्या वेळाने पुन्हा फुगतो, कवच पातळ करून बाहेर यायला बघतो. रोज हे बघणाऱ्या माणसाला 'नुसता पेशींचा गोळा' हे शब्द जरा घाईचे वाटतात. आणि 'बाळच ते' हे शब्दही, कारण अशा अनेक भ्रूणांची गर्भाशयात ठेवूनही पुढे वाढ होत नाही.

पेशी काढून भ्रूण जिवंत ठेवता येत नाही का?

नेहमीच्या पद्धतीत नाही. पुंजका काढला की भ्रूण संपतो. एकच पेशी काढून तिच्यापासून मूलपेशी वाढवायचे प्रयोग झाले आहेत, पण ती रूढ पद्धत झालेली नाही. हे गोड शब्दांत झाकून सांगण्याला माझा विरोध आहे. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांना खरं काय घडतं ते कळायलाच हवं.

धर्माचा विरोध संशोधनाला आहे की सरकारी पैशाला?

दोन्हींना, पण राजकारणात लढाई झाली ती पैशावर. लोक इथेच गोंधळतात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगते.

अमेरिकेत मानवी भ्रूणावरच्या संशोधनाला केंद्रीय कायद्याने कधीच सरसकट बंदी नव्हती. १९९६ पासून अर्थसंकल्पाला जोडून डिकी-विकर दुरुस्ती येत राहिली. ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतो त्याला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, एवढंच ती म्हणते. खासगी पैशातून कुणी करत असेल तर करा. थॉमसन यांचं कामही सरकारी पैशावर झालं नव्हतं, त्यामागे जेरॉन या कंपनीचा पैसा होता. त्यानंतर प्रश्न आला तो असा : भ्रूण मोडायला पैसा नाही हे ठीक, पण दुसऱ्या कुणी आधीच काढून वाढवलेल्या पेशींवर काम करायला सरकारने पैसा द्यावा का?

९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टीव्हीवरून तोडगा जाहीर केला. त्या दिवसापर्यंत ज्या पेशींच्या ओळी (एका भ्रूणातून घेऊन प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी म्हणजे एक ओळ) तयार झाल्या आहेत त्यांच्यावरच्या कामाला पैसा मिळेल, पुढच्या ओळींना नाही. मेलेला भ्रूण परत येणार नाही, पण सरकारने पुढच्या भ्रूणाला हात लावायचं निमित्त बनू नये, असा त्यामागचा विचार. कॅथलिक बिशपांनी हा तोडगा नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवला, कारण पापाच्या फळाचा उपयोग करून घेणं त्यांना पापापासून वेगळं वाटत नव्हतं. शास्त्रज्ञांनीही नाराजी दाखवली, कारण साठपेक्षा जास्त ओळी सांगितल्या गेल्या आणि प्रत्यक्षात वापरता आल्या त्या एकवीसच्या आसपास. ज्या प्रयोगशाळांना दोन्ही प्रकारच्या ओळींवर काम करायचं होतं त्यांना सरकारी पैशाची उपकरणं आणि खासगी पैशाची उपकरणं काटेकोर वेगळी ठेवावी लागली. आमच्या कामात एक चांगला इनक्युबेटर मिळवायला काय यातायात करावी लागते ते मला माहीत आहे. तिथे तर एकाच कामासाठी सगळं दोनदा उभं करायचं होतं.

अमेरिकी संसदेने बंधन सैल करणारा कायदा संमत केला तेव्हा जुलै २००६ मध्ये बुश यांनी नकाराधिकार वापरला. त्यांच्या कारकिर्दीतला तो पहिलाच. २००७ मध्ये पुन्हा तेच झालं. मार्च २००९ मध्ये बराक ओबामा यांनी आदेश काढून नव्या ओळींनाही दार उघडलं. मग खटला झाला. ऑगस्ट २०१० मध्ये एका न्यायाधीशांनी सरकारी पैसा थांबवला, एप्रिल २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती मनाई उठवली आणि जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. डिकी-विकर मात्र हटली नाही. म्हणजे भ्रूण मोडण्याच्या कामाला केंद्राचा पैसा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

कर भरणाऱ्याच्या सद्सद्विवेकाचा मुद्दा तुम्हाला पटतो का?

अर्धा पटतो. आपण भरलेल्या करातून आपल्याला पाप वाटणारी गोष्ट होते आहे, ही वेदना खरी आहे आणि तिला 'विज्ञानविरोधी' म्हणून झटकून टाकणं मला आवडत नाही. पण असा नियम सगळ्यांना लावला तर कुठल्याच सरकारला काही करता येणार नाही. युद्धाला विरोध असणारा शांततावादीही संरक्षणाचा खर्च भरतोच. यावर विरोधकांचं उत्तर असं की इथे प्रश्न धोरणाचा नाही, निष्पाप जिवाच्या रक्षणाचा आहे, आणि तिथे सरकारला तटस्थ राहता येत नाही. त्यांच्या गृहीतकातून हे उत्तर बरोबरच निघतं. म्हणून भांडण गृहीतकाशीच करावं लागतं.

मी सरकारी पैशाच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण रोजच्या कामातून आलं आहे. सरकारी पैसा आला की त्याच्या मागून नियम येतात. संमतीपत्र कसं असावं, भ्रूण विकत घेता येणार नाही, नीतिसमितीने पाहिल्याशिवाय काम सुरू होणार नाही, निकाल प्रसिद्ध करावे लागतील. अमेरिकेत सरकारने हात आखडता घेतला म्हणून काम थांबलं नाही. ते कंपन्यांकडे आणि राज्यांकडे गेलं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव ७१ संमत करून या संशोधनासाठी ३ अब्ज डॉलर उभे केले. तिथल्या आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करून देणाऱ्या, क्षेत्रावर केंद्राची देखरेख कमी राहिली, त्याचं एक कारण भ्रूणसंशोधनापासून सरकारने राखलेलं हेच अंतर मानलं जातं. भ्रूणाची ज्यांना सर्वांत जास्त काळजी आहे त्यांच्याच आग्रहामुळे भ्रूण कमी देखरेखीखाली गेले, हे मला फार बोचतं.

कॅथलिक ख्रिस्तसभेचं म्हणणं नेमकं काय आहे?

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या परिसरात मराठी बोलणारी ईस्ट इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांतही कॅथलिक असतातच. त्यांच्या मनावरचं ओझं नीट समजून घ्यायचं तर शिकवण माहीत असायला हवी.

१९८७ मध्ये व्हॅटिकनने 'दोनुम विताए' हा दस्तऐवज काढला. आत्मा नेमका कधी येतो यावर त्यात तात्त्विक निवाडा नाही. गर्भधारणेच्या क्षणापासून त्या जिवाला व्यक्ती म्हणूनच वागवलं पाहिजे, असा आदेश आहे. शंका असेल तर ती जिवाच्या बाजूने घ्यायची, ही त्यामागची दृष्टी. त्यामुळे गर्भधारणा पती-पत्नीच्या मीलनापासून वेगळी करणारं आयव्हीएफही ख्रिस्तसभेला मान्य नाही, मग उरलेले भ्रूण संशोधनाला देणं दूरच. जुलै २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या भेटीत बुश यांना समोरासमोर हे ऐकवलं होतं. प्रौढ शरीरातल्या, अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या रक्तातल्या मूलपेशींना मात्र विरोध नाही, उलट पाठिंबा आहे.

२००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात गोठवलेल्या भ्रूणांचा प्रश्न आला. ते संशोधनाला देऊ नयेत, उपचारासाठी वापरू नयेत, दुसऱ्या जोडप्याला द्यावेत तर त्यातही अडचणी आहेत, आणि हजारो भ्रूण असे पडून राहणं हा अन्याय आहे जो आता सोडवता येत नाही, असं तिथे म्हटलं आहे. हा सल्ला ऐकून जोडपी आणखी कोड्यात पडतात हे मी पाहिलं आहे. तरी त्यातला प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. खोटं समाधान देऊन त्यांनी कुणाला घरी पाठवलेलं नाही.

सगळ्याच धर्मांचा विरोध आहे का?

नाही, आणि एका धर्मातही एकमत नाही. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने कडाडून विरोध केला. पण गर्भपाताचे विरोधक आणि मॉर्मन पंथाचे असलेले सिनेटर ऑरिन हॅच सरकारी पैशाच्या बाजूने उभे राहिले. गर्भाशयाबाहेरचा, फ्रीजरमधला भ्रूण त्यांच्या दृष्टीने वाढणाऱ्या गर्भासारखा नव्हता.

यहुदी परंपरेत तालमूद या धर्मग्रंथाच्या आधारे पहिल्या चाळीस दिवसांपर्यंतचा गर्भ पाण्यासमान मानतात, आणि जीव वाचवण्याचं कर्तव्य फार वरचं आहे. त्यामुळे सनातनी यहुदी संस्थांनीही अमेरिकेत या संशोधनाला पाठिंबा दिला. ठाण्यात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, मराठीच बोलणारी माणसं. बिशपांच्या शिकवणीतला आणि या समाजाच्या परंपरेतला असे दोन निकाल आपल्या एकाच शहरात शेजारी राहतात.

इस्लाममध्ये बहुतेक विद्वान १२० दिवसांनी आत्मा येतो असं मानतात, काहींच्या मते चाळीस दिवसांनी. इराणमध्ये २००२ मध्ये सर्वोच्च धर्मगुरूंनी भ्रूणातल्या मूलपेशींच्या संशोधनाला अनुमती दिली आणि तेहरानच्या रोयान संस्थेत हे काम झालं. मुंब्र्यातल्या ज्या कुटुंबांनी मला विचारलं त्यांना मी हेच सांगते आणि पुढचं आपल्या मौलानांना विचारायला सांगते.

जर्मनीचा विरोध निव्वळ धार्मिक नाही. नाझी डॉक्टरांनी माणसांवर केलेल्या प्रयोगांची आठवण तिथे ताजी आहे. १९९० च्या कायद्याने तिथे भ्रूण मोडायला बंदी आहे, आणि २००२ पासून ठरावीक तारखेपूर्वीच्या परदेशी ओळीच, त्याही परवानगीने, आणता येतात.

हिंदू आणि जैन विचार काय सांगतो? आपल्याकडे मोर्चे का निघाले नाहीत?

चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात, संयोग झाला की त्याला गर्भ म्हणतात. म्हणजे जीव सुरुवातीपासूनच आहे. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे घोर पातक. जैन विचारातही जीव गर्भधारणेपासून मानतात, आणि अहिंसा तर पायाच आहे. त्यामुळे एखादे जैन काका हात जोडून 'बेन, यात जीवहत्या होते ना?' असं विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्न रोमच्या प्रश्नाइतकाच खोल असतो. चरकाच्या व्याख्येत कुक्षी आहे, काचेची बशी नाही, असा प्रतिवाद काही वैद्य करतात. ज्या काळात कुक्षीबाहेर भ्रूण असणं शक्यच नव्हतं त्या काळच्या ग्रंथाकडून एवढं काढून घेणं मला ओढूनताणून वाटतं.

आणखी एक दाखला नेहमी दिला जातो, दधीचि ऋषींचा. त्यांनी लोकांसाठी अस्थी दिल्या, मग भ्रूण दिला तर काय बिघडलं? पण दधीचींनी स्वतःच्या अस्थी स्वतःच्या इच्छेने दिल्या. भ्रूण काही देत नाही, देतात ते त्याचे आईबाप. या फरकाकडे काणाडोळा करू नये.

मोर्चे न निघण्याची कारणं ग्रंथांत नाहीत. आपल्याकडे पोपसारखं एकच धर्मपीठ नाही. गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध झाला आणि तो कधी निवडणुकीचा धार्मिक मुद्दा बनला नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, म्हणजे सरकारी संस्थेत, मानवी भ्रूणातून मूलपेशींच्या ओळी तयार झाल्या आणि बाहेर कुणी फलक घेऊन उभं राहिलं नाही. याचा मला आनंद आहे आणि काळजीही. विरोध झाला नाही म्हणून चर्चाही झाली नाही, आणि जोडप्यांना आपल्या भ्रूणांचं पुढे काय होऊ शकतं हे विचारायची सवय लागली नाही.

हे आणि स्त्रीभ्रूणहत्या एकच का?

नाही. स्त्रीभ्रूणहत्या म्हणजे पोटात वाढत असलेला गर्भ मुलीचा आहे म्हणून पाडणं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. इथे विषय आहे तो कुणाच्याही पोटात न गेलेल्या भ्रूणाचा. शब्द सारखा आहे म्हणून राग तिथला इथे आणू नये.

कौरव मूलपेशींपासून जन्मले होते का?

२०१९ च्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी तसा दावा केला होता, तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात हा प्रश्न येतो. गांधारीच्या मांसपिंडाची कथा मला लहानपणापासून प्रिय आहे. पण ती विज्ञानाचा पुरावा नाही.

अमेरिकेतल्या या भांडणाचा नवी मुंबईशी काय संबंध?

बऱ्याच जणांना माहीत नाही, पण आहे. बुश यांच्या भाषणानंतर ऑगस्ट २००१ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पात्र ओळींची यादी काढली. जगभरातल्या १० संस्था, ६४ ओळी. त्यांत बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या ३ आणि मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७. या कंपनीचा आजचा परिसर ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याला आहे. वॉशिंग्टनमध्ये एका धार्मिक आक्षेपावर तोडगा निघाला आणि एका रात्रीत भारतातल्या भ्रूणांपासून बनलेल्या पेशींना जागतिक महत्त्व आलं. पुढे संशोधकांना ज्या एकवीसएक ओळी खरोखर मिळू लागल्या त्यांत भारतातली एकही नव्हती.

मूलपेशी संशोधनासाठी आपली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आली २००७ मध्ये, म्हणजे यादीनंतर सहा वर्षांनी. हा क्रम मला आजही खटकतो.

उरलेले भ्रूण टाकूनच देणार असतील तर संशोधनाला देण्यात चूक काय?

मला स्वतःला चूक वाटत नाही. पण विरोधकांचं उत्तर ऐका : मरणार असलेल्या माणसाचे अवयव तो जिवंत असताना काढून घेता येतात का? भ्रूण जर व्यक्ती असेल तर हा युक्तिवाद बिनतोड आहे. अमेरिकेत काही ख्रिस्ती संस्थांनी उरलेले भ्रूण दत्तक देण्याची व्यवस्था उभी केली, आणि २००६ च्या नकाराधिकाराच्या वेळी बुश यांच्याभोवती अशीच जन्मलेली मुलं होती. त्या मुलांकडे बघून 'हा तर कचरा होता' असं कुणीही म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की व्यक्तित्व हे एका क्षणात लागणारं बटण नाही. पहिल्या चौदा दिवसांत, शरीराची पहिली रेषा उमटण्याआधी, एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात. जिथे एक की दोन हेच ठरलेलं नाही तिथे 'एक व्यक्ती' म्हणणं मला जमत नाही. ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये वॉर्नॉक समितीने चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. भारतातली तत्त्वंही तीच मर्यादा पाळतात.

यामानाकांच्या शोधानंतर वाद संपला ना?

मऊ झाला, संपला नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशींना मूलपेशींसारखं बनवून दाखवलं. भ्रूण लागत नाही. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं आणि धार्मिक संस्थांनीही या वाटेचं स्वागत केलं. पण त्या पेशी बरोबर बनल्या की नाही हे ताडून बघायला भ्रूणातल्या पेशीच प्रमाण धरल्या गेल्या. २०२५ मध्ये पार्किन्सन्सवरच्या दोन छोट्या चाचण्या एकत्रच प्रसिद्ध झाल्या. जपानमधल्या चाचणीत ७ रुग्णांना यामानाकांच्या पद्धतीच्या पेशी दिल्या होत्या, अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत १२ रुग्णांना भ्रूणातल्या मूलपेशींपासून बनवलेल्या. दोन्हींत सुरक्षिततेचे निकाल चांगले आले. आजार बरा झाला असं अजून म्हणता येत नाही.

गुडघेदुखी, स्वमग्नता, लकवा यांवर 'स्टेम सेल थेरपी'च्या जाहिराती दिसतात. घ्यावी का?

पैसे भरू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनाच्या टप्प्यात आहे, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. खारघरला टाटा स्मारकाच्या ॲक्ट्रेक केंद्रात होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार आहे. त्यात भ्रूणाचा काहीही संबंध नसतो, त्यामुळे कुठल्याही धर्माच्या माणसाने त्याबाबत मनात शंका ठेवू नये.

आमच्या संमतीपत्रावर 'संशोधनासाठी' असा रकाना आहे. सही करावी का?

आधी कायदा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. त्यांची विक्री करता येत नाही.

हा रकाना बहुतेकदा आठ-दहा पानांच्या गठ्ठ्यात, इंजेक्शनांच्या वेळापत्रकामागे असतो, आणि तो समोर येतो तेव्हा बाईच्या पोटात दुखत असतं, नवऱ्याला ऑफिसला पळायचं असतं. त्या दिवशी सही करू नका. पत्र घरी न्या, मराठीत समजावून मागा. भ्रूण कुठल्या संस्थेकडे जाणार, त्यांपासून पेशींच्या ओळी बनवणार का, त्यातून पुढे औषध निघून कंपनीला नफा झाला तर तुमचा हक्क असेल का, मत बदललं तर कधीपर्यंत संमती मागे घेता येईल, हे चार प्रश्न विचारा. फादर, महाराज, मौलाना, कुणाशी बोलायचं असेल तर बोलून या, आम्ही थांबतो. 'नाही' म्हटलंत म्हणून तुमच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये, आणि तसं कुणी सुचवलं तर दुसरं केंद्र बघा. 'हो' म्हणायचं ठरलं तर सही दोघांची लागेल, आणि सही केलेल्या पत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.